बिल्ल्याची डुकरं

सुई टोचायच्या आधी ती डुकराचे डोळे तळहाताने झाकायची. डुक्कर केवढंही दांडगं असो, तिचा हात डोळ्यांवर आला की त्याचं किंचाळणं हळूहळू उतरायचं आणि मग नुसती धाप ऐकू यायची. दुसऱ्या हाताने ती त्याला कानामागे खाजवायची आणि आमच्याकडे न बघता म्हणायची,

"ने रगात. पन आळ ठेवून जाऊ नको."

हे ती दर खेपेला म्हणायची, दर डुकरामागे म्हणायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

मी तेव्हा भिवंडीला जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. निजामपुऱ्यात मागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली होती. कापडाच्या लूमचा खडखडाट इतका अंगवळणी पडला होता की वीज गेली आणि लूम थांबले की झोप मोडायची. दवाखान्यात येणारं जनावर म्हणजे तबेल्यातली म्हैस, कुणाची शेळी, क्वचित टांग्याचं घोडं. डुक्कर म्हणून मी नोकरीत हाताळलेलं नव्हतं. दवाखान्यात डुक्कर कोण आणणार?

त्या वर्षी पाऊस सरता सरता खाडीपलीकडच्या खेड्यांत काही मुलं तापाने आजारी पडली. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग आकडी, मग शुद्ध हरपणं. काही गेली. आमच्या डॉक्टरांना वरून काम आलं, की भिवंडीच्या आसपासच्या डुकरांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासत राहा. डॉक्टर तिशीतले होते, देशावरून आलेले, हाडाचे प्रामाणिक आणि थोडे उतावळे. त्यांनी मला जीपमध्येच समजावून सांगितलं. हा रोग डासांमधून पसरतो. भातखाचरात, साचलेल्या पाण्यात वाढणारा डास डुकराला चावतो आणि तोच पुढे मुलाला चावतो. डुक्कर सहसा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात खूण उमटते. यंदा जन्मलेल्या पिल्लांच्या रक्तात खूण दिसली, तर समजायचं की विष आत्ता, या घडीला, इथल्या डासांमध्ये फिरतंय.

"म्हणजे मुलं आजारी पडायच्या आधी डुक्कर आपल्याला सांगणार," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

सांगणारी डुकरं मिळायला मात्र मारामार. आमची जीप दिसली की पाळणारे लोक डुकरं मोकळी सोडून द्यायचे. "आमची कुठली साहेब, गावाची हायेत," असं म्हणून विडी पेटवायचे. कामतघरच्या मागे एका माणसाने तर समोर आठ-दहा पिल्लं लुचत असताना डुकरीण आपली नसल्याची शपथ घेतली.

टेमघरच्या पुढे, जिथे वस्ती संपून भातखाचरं सुरू होत, तिथे नाल्याच्या काठाला ही बाई राहायची. पन्नाशीची असेल. काळी, काटक, पुढचा एक दात पडलेला. अंगावरचं लुगडं लूमच्या खराब गेलेल्या कापडाचं, त्यात मध्येच विणकामाची चूक म्हणून आडवा पट्टा आलेला. नवऱ्याबरोबर दगडखाणीवर कामाला आली होती. नवरा खाणीतच गेला. ती मूळची कुठली, हे ती दर माणसाला वेगळं सांगायची. बोलणं मात्र इथलंच झालं होतं, हाय-न्हायचं, मध्येच हिंदी घुसलेलं.

तिने डुकरं सोडली नाहीत. दगड रचून केलेल्या कोंडवाड्यापुढे ती उभी राहिली आणि डॉक्टरांना म्हणाली, "रगात कशापायी?"

डॉक्टरांनी जीपमध्ये मला सांगितलं होतं तेच सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे पोरांना आकडी डुकरापायी येते?"

"डासामुळे. डुकराचा गुन्हा नाही."

"हे तू बोलतोस. लोकं काय बोलतील?"

ती पुढे म्हणाली, "माझी पोरगी अशीच गेली. ताप आला, आकडी आली, सांजेला गेली. तवा कोन रगात न्यायला आला न्हाय, कोन इचारायला आला न्हाय. म्हनून देते. पन माझ्या जनावरावर आळ आला तर?"

"येऊ देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माझा शब्द."

तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खेड्यातल्या बायका बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवून बघतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तसं ते पाहणं होतं. मग तिने कोंडवाड्याची फळी काढली.

ती सगळ्यांना अरेतुरे करायची. मला ती 'दवाखाना' म्हणायची आणि डॉक्टरांना 'मोठा दवाखाना'. आमची जीप थांबली की आतून आवाज यायचा, "आला का रं दवाखाना? मोठा दवाखाना कुठाय?" एकदा डॉक्टर रजेवर होते, तर म्हणाली, "मोठा दवाखाना बंद हाय का आज?" डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले.

तिच्या डुकरांनाही नावं होती. एक लठ्ठ डुकरीण कुणाला वाट द्यायची नाही, ती पाटलीण. एक सतत कुरकुर करणारी, ती सासू. आणि एक तरणा, लांब थोबाडाचा नर होता, तो तलाठी.

"तलाठी का ग मावशी?"

"किती बी घाल, त्याचं भागत न्हाय."

डॉक्टरांनी प्रत्येक डुकराच्या कानात पत्र्याचा बिल्ला ठोकला, म्हणजे दर वेळी तेच जनावर तपासलं जाईल. बिल्ल्यावर आकडा होता. तिला तो पसंत पडला नाही. "आकडा घालून काय, कैदी हायेत?" तिच्या समाधानासाठी मी रक्ताच्या नळीवर आकड्याखाली बारीक अक्षरात नावही लिहायला लागलो. पुण्याच्या प्रयोगशाळेतून एकदा फोन आला, "अहो, हे तलाठ्याचं रक्त चुकून आमच्याकडे आलंय का?"

रक्त काढणं हे सोपं काम नव्हतं. पिल्लाला उताणं धरायचं आणि मान संपून छाती सुरू होते तिथल्या खळग्यात सुई घालायची. मोठ्याच्या वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवायचा. डुक्कर ओरडायला लागलं की पलीकडच्या खाचरातले बगळे उडायचे. आमचा परिचर तोंड वाकडं करून दोरी ओढायचा. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना चहा दिला. डॉक्टरांनी घेतला, मी घेतला, परिचराने पोट बिघडल्याचं सांगितलं. तिने त्याचा पेला उचलला, चहा नाल्यात ओतला आणि शांतपणे म्हणाली, "त्याचं पोट जल्मापासून बिघडलेलं दिसतं." पुन्हा तिने त्याला कधी विचारलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे एका कोकणी मुसलमान कारखानदाराचे लूम होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्या दोघांमध्ये फार जुना, तोंडी करार होता, की डुकरं रस्ता ओलांडणार नाहीत. ती शुक्रवारी कोंडवाड्याला दुहेरी फळी लावायची. एकदाच काय ते एक पिल्लू निसटून चाचांच्या दारापर्यंत गेलं. ती घागर घेऊन धावली आणि पायरी धुवायला लागली. चाचा बाहेर आले. "राहू दे ग, लहान जनावर हाय, त्याला काय कलतंय," म्हणाले. ती तरी पायरी धूतच राहिली. परत येऊन तिने त्या पिल्लाला धपाटा घातला आणि मग बराच वेळ मांडीवर घेऊन बसली.

असा पुढचा उन्हाळा गेला, पाऊस आला. खाचरं भरली. कारखान्यांच्या मागे रंगाचं आणि सांडपाण्याचं तळं साचलं होतंच, त्यात पावसाची भर पडली. त्या वर्षीची पिल्लं आतापर्यंत कोरी होती. श्रावण उतरताना घेतलेल्या रक्तात पहिल्यांदा खूण उमटल्याचं पुण्याहून कळलं. पुढच्या खेपेला तर जवळजवळ सगळ्याच पिल्लांमध्ये.

डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. आनंद म्हणावा की भीती, अशी त्यांची मुद्रा होती. "कळलं ना? अजून एकही मूल आजारी नाही आणि आपल्याला कळलंय. आता वेळ आहे." त्यांनी त्याच दिवशी वर कळवलं. साचलेलं पाणी काढा, फवारणी करा, लोकांना मच्छरदाण्या वापरायला सांगा, डुकरांचे कोंडवाडे वस्तीपासून दूर हलवायला मदत करा.

यातलं काय खाली पोचलं, कुणास ठाऊक. चार दिवसांत गावभर एवढंच झालं की नाल्यावरच्या बाईच्या डुकरांच्या रक्तात मेंदूचा ताप सापडला. चहाच्या टपरीवर, रिक्षात, लूमच्या शिफ्ट बदलताना, सगळीकडे तेच. मग एका पुढाऱ्याने कोपऱ्यावर सभा घेतली. पाणी काढायचं तर कारखानदारांना दुखवायचं, गटारं खणायची, खर्च करायचा. डुकरं उचलायची तर कुणालाच दुखवायचं नव्हतं. ती बाई कुणात मोजली जात नव्हती.

हुकूम निघाला. डुकरं पकडायचं काम एका ठेकेदाराला मिळालं.

आणि इथे ज्याला नशीब म्हणतात ते दात विचकून हसलं. ज्यांनी आम्हाला हाकलून दिलं होतं, ज्यांनी शपथा वाहिल्या होत्या, त्यांची डुकरं मोकळी होती. ठेकेदाराची माणसं त्यांच्यामागे एक दिवस धावली, चिखलात पडली आणि दमली. बिल्ले लावलेली, एका जागी कोंडलेली, कुणाची आणि कुठली हे सरकारदरबारी माहीत असलेली डुकरं फक्त तिची होती.

सकाळी ट्रक आला. तिने कुणाकडून तरी दवाखान्यात निरोप पाठवला. डॉक्टर स्कूटरवर निघाले, मी मागे बसलो. आम्ही पोचलो तेव्हा तारेचे फास घेऊन माणसं कोंडवाड्यात शिरली होती. सासूच्या तोंडातून रक्त येत होतं. ती बाई फळीला टेकून उभी होती. बघ्यांची गर्दी रस्त्याच्या कडेला.

डॉक्टर ठेकेदारावर ओरडले. म्हणाले, ही जनावरं तपासणीत आहेत, यांना हात लावायचा नाही. ठेकेदाराने खिशातून हुकूम काढून दाखवला. तो उद्धट नव्हता. म्हणाला, "साहेब, तुमचीच तपासणी आहे ना? त्याच्यावरूनच तर काढलाय." डॉक्टर चाचांच्या कारखान्यात फोन करायला धावले. काचेतून मला ते दिसत होते. बोलत होते, हात हलवत होते, मग नुसतेच ऐकत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आपलं काम रक्त घेण्याचं."

चाचाही बाहेर आले होते. त्यांनी ठेकेदाराला एवढंच सांगितलं, "या बाईच्या जनावरानं इतक्या सालांत मला कधी तरास दिला न्हाय. मागचं पानी काढा म्हनून मी सांगून सांगून थकलो. माझ्या कारखान्याचं बी हाय त्यात. ते काढा आधी." गर्दीतलं कुणीतरी हसलं. चाचा पुन्हा आत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

तिने आकांत केला नाही. शिव्या दिल्या नाहीत. पाटलीण तारेच्या फासात गुदमरायला लागली तेव्हा ती पुढे झाली आणि माणसाच्या हातातली तार काढून घेतली. "सरका. तुमच्या हातानं इथंच मरतील." मग तिने एकेक डुक्कर नाव घेऊन बोलावलं. ट्रकच्या फळीवर मूठभर कणी टाकली. ती आली. पाटलीण आली, पिल्लं आली, रक्ताळलेल्या तोंडाने सासू आली. तलाठी सगळ्यांत शेवटी, नेहमीसारखा खाता खाता चढला.

ट्रकचं फळकूट लागलं. डॉक्टर तिच्याजवळ गेले. काहीतरी बोलणार होते. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली,

"तुम्ही जावा, साहेब."

वर्षभरात तिच्या तोंडून 'तुम्ही' आणि 'साहेब' हे शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकले. डॉक्टर मागे फिरले. स्कूटरला किक मारत राहिले, ती सुरूच होईना. शेवटी आम्ही दोघांनी ती ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत नेली.

फवारणी एकदा झाली. जिथे फोटो काढायला चांगली जागा होती तिथे झाली. पाणी होतं तिथेच राहिलं. त्या मोसमात आणखी कुणी आजारी पडल्याचं आमच्या कानावर आलं नाही आणि पुढाऱ्याने त्याचं श्रेय घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात वरून विचारणा आली, डुकरांच्या रक्ताचे नमुने का येत नाहीत? डॉक्टरांनी फोनवर उत्तर दिलं, "डुकरं नाहीत." पलीकडून सांगितलं, मग मिळवा. पण आता आम्हाला कुणी दारात उभं करेना. नाल्यावरच्या बाईचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी बरीच खटपट करून काही कोरी पिल्लं मिळवायची परवानगी आणली आणि मला घेऊन तिच्याकडे गेले. ती तेव्हा कामतघरला एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात होती. बोटांना सुताच्या चिरा पडल्या होत्या. कोंडवाडा रिकामा होता, त्यात कुणीतरी भंगार आणून टाकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "पिल्लं आम्ही देऊ. तुम्ही फक्त सांभाळा. या वेळी लेखी हुकूम आहे, कुणी हात लावणार नाही."

ती जिन्यावरून उतरणाऱ्या माणसासारखी सावकाश बोलली, एकेक शब्द. "तुम्हाला जीव वाचवाया येत न्हाय. जीव मोजाया येतो. मोजा. पन माझ्या दारात नको."

वर्षाच्या आत डॉक्टरांनी स्वतःच बदली मागून घेतली. जाताना मला म्हणाले, "मी शब्द द्यायला नको होता. वरच्यांकडे पाणी काढायचं काम मागायला हवं होतं, तिला शब्द द्यायला नको होता." पुढे ते नोकरीत मोठ्या पदाला गेले, असं ऐकलं.

त्या पावसाळ्यात कुठलंच रक्त तपासलं गेलं नाही. त्यामुळे विष कधी आलं ते कुणालाच कळलं नाही. कळलं ते एकदम एका मुलीवरून.

तिच्या शेजारच्या खोलीत यूपीचं एक जोडपं भाड्याने राहायचं. नवरा लूमवर, बायकोही कारखान्यात. त्यांची पाच-सहा वर्षांची पोर. दुपारी दोघंही ड्युटीवर असताना पोरीला आकडी आली. ही बाई नेमकी घरी होती. तिने पोरीला कडेवर घेतलं, रिक्षा थांबवली आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पोर पडली का, काय खाल्लं. ती ओरडली, "पडली न्हाय, खाल्लं न्हाय! मेंदूचा ताप हाय! डास चावून येतो तो!" मुलीला ठाण्याला हलवलं. तिच्या आईबापांना कारखान्यातून शोधून आणलं ते चाचांनी.

पोर वाचली. पण उजवा पाय ओढत चालायची आणि वाचा गेली होती.

गावात पुन्हा कुजबुज झाली. पण बोट दाखवायला बिल्ल्याची डुकरं नव्हती. त्यामुळे लोक लवकर गप्प झाले.

आज तुम्ही टेमघरवरून पुढे गेलात तर तिथे खाचरं दिसणार नाहीत. गोदामं आहेत, पत्र्याची, लांबच लांब. नाला कुठून वाहतो तेही शोधावं लागतं. ती बाई कुठे गेली, मला माहीत नाही. चाचा वारले. त्यांच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ते यूपीवालं कुटुंब गावी परत गेलं, बाईही त्यांच्याबरोबर गेली बहुतेक, पोरगी तिला सोडत नव्हती.

मी तिला शेवटचं पाहिलं ते कामतघरच्या रस्त्यावर, संध्याकाळी, शिफ्ट सुटायच्या जरा आधी. दवाखान्यातून सायकलवर घरी चाललो होतो. हातपंपाजवळ ती त्या पोरीला घेऊन उभी होती. पोरीच्या हातात भरलेला पेला होता, पण बाई तो तोंडाला लावू देत नव्हती.

"बोल, पानी. मग पी. पा-नी."

पोरीने तोंड उघडलं. ओठ थरथरले, मान एका बाजूला गेली, कपाळावरची शीर फुगली. मी सायकलवरून उतरलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मग घशातून, फाटक्या आवाजात, "पा" असं आलं.

बाईचा चेहरा उजळला. तिने पेला पोरीच्या तोंडाला लावला आणि रस्त्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "ऐकलं का?"

रस्त्यावर तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी मान डोलावली. "ऐकलं, मावशी. स्वच्छ ऐकलं."

तिने मला ओळखलं. तोंडावरचं हसू तसंच ठेवून, पण डोळे माझ्यावरून काढून घेत ती म्हणाली,

"तुला न्हाय इचारलं."